‘आक्तुआल’ कब्जेदार: खरा की सध्याचा?

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरच्या पेटीत १९३८ सालचे एक पोर्तुगीज विक्रीखत आहे. माझ्या पणजोबांनी गोव्यात फोंड्याजवळ एक भाट, म्हणजे बागायत, विकत घेतले, त्याचा तो दस्त. घरातल्याच एका थोरल्या माणसाने तीस-एक वर्षांपूर्वी त्याचे मराठी भाषांतर वहीत करून ठेवले. आम्हां पुढच्या पिढीला पोर्तुगीज येत नसल्यामुळे आजवर आम्ही त्या वहीलाच दस्त मानत आलो. भाटाच्या पूर्वेच्या बांधाला लागून विहिरीसह एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्याविषयी वहीत लिहिले आहे की, या पट्टीचे ‘खरे मालक’ शेजारचे अमुक गृहस्थ होत. आता वाटणीचा विषय निघाल्यावर शेजारच्यांनी नेमके हेच वाक्य आमच्यापुढे ठेवले आहे. तुमच्याच दस्तात तुम्ही हे मान्य केले आहे, असे त्यांचे म्हणणे.

मूळ कागद उघडून पाहिला तेव्हा त्या जागी ‘आक्तुआल पोसुइदोर’ असे शब्द सापडले. त्यांतला पहिला शब्द रोमन लिपीत इंग्रजीतल्या ‘अ‍ॅक्च्युअल’शी अक्षर न् अक्षर जुळतो. भाषांतरकर्त्याने बहुधा इंग्रजीचाच आधार घेऊन ‘खरा’ असे लिहिले असावे. पोर्तुगीजमध्ये या विशेषणाचा अर्थ काय होतो, आणि तो इंग्रजीहून वेगळा असेल तर एकाच लॅटिन घरातली ही भावंडे इतक्या वेगळ्या स्वभावाची कशी निघाली, हे जाणकारांनी सांगावे.

मांडवीकाठ

पोर्तुगीजपुरते उत्तर सोपे आहे. या शब्दाचा रोजच्या आणि दफ्तरी वापरातला अर्थ ‘सध्याचा’ असा आहे. सध्याचा राष्ट्राध्यक्ष, सध्याचा पत्ता, सध्याचा भाव, या सगळ्यांना हेच विशेषण लागते. याच्यापासून झालेले क्रियाविशेषण ‘आक्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘हल्ली’. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅक्च्युअली’चा भाव पोर्तुगीजात आणायचा असेल तर ‘ना व्हेर्दादे’, म्हणजे ‘खरे पाहता’, असे म्हणावे लागते. मी वीस वर्षे पोर्तुगीज शिकवली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात निम्म्याहून अधिक विद्यार्थी या एका शब्दावर घसरलेले मी पाहिले आहेत, कारण आपण गोव्यात पोर्तुगीजकडे आता इंग्रजीच्या दारातून जातो.

लेखनाविषयी थोडे सांगते, कारण जुने कागद वाचताना ते उपयोगी पडेल. तुमच्या दस्तातल्या शब्दात ‘सी’ हे अक्षर आहे, पण त्याचा उच्चार होत नाही. तोंडाने म्हणताना तो ‘आतुआल’ असाच होतो. १९११ च्या लेखनसुधारणेत पोर्तुगीजांनी कितीतरी मुकी आणि जोड अक्षरे काढून टाकली, तरी हे ‘सी’ राहिले. ब्राझीलने १९४३ च्या नियमांत ते गाळले. पोर्तुगालने मात्र १९९० च्या लेखनकरारानंतर, तेही पुष्कळ कुरकुर करून, ते सोडले. त्यामुळे आजच्या पोर्तुगीज कोशात तुमच्या दस्ताप्रमाणे अक्षरे लावून शोधायला गेलात तर शब्द चटकन सापडणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘पोसुइदोर’ म्हणजे मालक नव्हे. ज्याच्याकडे वस्तूचा कब्जा आहे तो पोसुइदोर, आणि ज्याची ती मालमत्ता आहे तो ‘प्रोप्रिएतारियु’. पोर्तुगीज कायद्यात या दोन निराळ्या कल्पना आहेत. म्हणजे तुमच्या वहीत विशेषणही चुकले आहे आणि नामही चुकले आहे. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकल्या, हे तुमचे दुर्दैव.

चाकणकर

जर्मनमध्येही हीच गत आहे. त्यांचा ‘आक्टुएल’ म्हणजे ताजा, चालू, आत्ता लागू असलेला. मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काम करत असताना या शब्दाने आम्हाला चांगलेच पोळले होते. पलीकडच्या जर्मन अभियंत्याने इंग्रजीत मेल लिहिली की, भाग ‘अ‍ॅक्च्युअल ड्रॉइंग’प्रमाणे बनवा. त्याच्या मनात होते, सर्वांत ताजी सुधारित आवृत्ती. आमच्याकडे समज झाला तो असा की, प्रत्यक्ष यंत्रावर बसलेल्या भागाचे मोजमाप घेऊन जे ड्रॉइंग आधी तयार केले होते, ते. एका भोकाचा व्यास दोन आवृत्त्यांत निराळा होता. माल तपासणीत नापास झाला आणि मग आठवडाभर कोणी काय म्हटले होते याची उजळणी चालली. गंमत अशी की, दोघांनीही मेल नीट वाचली होती.

मग इंग्रजीतल्या ‘अ‍ॅक्च्युअल’ला जर्मन काय म्हणतात, असे मी त्या अभियंत्याला नंतर विचारले. त्याने दिलेले उत्तर माझ्या कायमचे लक्षात राहिले. नियंत्रणतंत्रात ठरवलेल्या मूल्याला ते ‘झोल’ मूल्य म्हणतात, म्हणजे ‘असायला हवे ते’. आणि प्रत्यक्ष मोजलेल्या मूल्याला ‘इस्ट’ मूल्य, म्हणजे ‘आहे ते’. सरळ ‘असणे’ या क्रियापदाचेच रूप त्यांनी तिथे नाम म्हणून वापरले आहे. अर्थसंकल्प आणि प्रत्यक्ष खर्च यांची तुलनाही झोल-इस्ट अशीच होते. बोलताना ‘टाट्झेखलिख’ असा शब्द येतो, त्यातल्या ‘टाट’चा अर्थ कृती. आपल्या कामापुरते मी एवढे शिकलो की, जर्मन माणसाने इंग्रजीत ‘अ‍ॅक्च्युअल’ म्हटले तर लगेच विचारायचे, ‘लेटेस्ट’ म्हणायचे आहे का?

अनुस्वार

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण खरी मौज तिथे आहे.

लॅटिनमध्ये ‘आगेरे’ असा धातू आहे. मूळ अर्थ हाकणे, चालवणे, आणि त्यावरून करणे. आपल्या संस्कृतातला ‘अज्’ धातू याचा सख्खा भाऊ. ‘अजति’ म्हणजे हाकतो. ‘समाज’ हा शब्द याच धातूचा, सम् उपसर्ग लागून झालेला, म्हणजे एकत्र हाकून आणलेला जमाव. (अवांतर: ऋग्वेदातला ‘अज्र’ आणि लॅटिनमधला ‘आगेर’ हे दोन्ही शेतवाचक शब्दही एकमेकांचे भाऊबंद आहेत. शेताच्या भांडणात ही सोयरीक कोणाच्या उपयोगी पडणार नाही, पण सांगितल्यावाचून राहवले नाही.) या धातूपासून ‘आक्तुस’ म्हणजे कृती, आणि त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘आक्तुआलिस’, म्हणजे कृतीशी संबंधित, हे विशेषण तयार झाले.

एवढ्यावर हा शब्द एक साधा शब्द राहिला असता. त्याला वजन आले ते अ‍ॅरिस्टॉटलमुळे. त्याने वस्तूच्या दोन अवस्था सांगितल्या. लाकडाच्या ओंडक्यात हर्मीस देवाची मूर्ती शक्यतेच्या रूपाने असते. कोरून काढल्यावर ती सिद्ध रूपाने असते. पहिल्या अवस्थेला त्याने ‘दुनामिस’ म्हटले, दुसरीला ‘एनेर्गेइया’. मध्ययुगातल्या लॅटिन पंडितांनी यांना ‘पोतेन्तिया’ आणि ‘आक्तुस’ असे शब्द योजले, आणि १२७४ मध्ये वारलेल्या थॉमस अ‍ॅक्विनासने तर ईश्वराला, ज्यात नुसती शक्यता म्हणून काही उरलेलेच नाही असा, ‘शुद्ध आक्तुस’ म्हटले. म्हणजे त्या काळी ‘आक्तुआलिस’चा विरुद्धार्थी शब्द ‘खोटा’ नव्हता आणि ‘जुना’ही नव्हता, तो होता ‘शक्यतेत असलेला’.

आता विचार करा. जी गोष्ट शक्यतेतून बाहेर पडून सिद्ध झाली आहे ती खरोखर आहे, आणि ती आत्ता आहे. हे दोन्ही अर्थ त्या एका कल्पनेच्या पोटात होते. पुढे तत्त्वज्ञानाचा वर्ग सुटला, शब्द बाजारात आला, आणि ‘शक्यतेतला’ हा त्याचा जुना जोडीदार सामान्य लोकांना नकोसा झाला. इंग्रजांनी त्याच्यासमोर ‘कल्पित’, ‘सांगोवांगीचा’ असा जोडीदार उभा केला, म्हणून तो ‘खरा’ झाला. फ्रेंचांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी ‘मागचा’ आणि ‘पुढचा’ असे जोडीदार उभे केले, म्हणून तो ‘सध्याचा’ झाला. माझे मत असे आहे की, विशेषणाचा अर्थ त्याच्या पोटात कमी आणि त्याच्या समोर उभ्या असलेल्या शब्दात जास्त असतो. इंग्रजीत ‘सध्याचा’ हा अर्थ अगदीच नव्हता असे नाही. मोठे इंग्रजी कोश तोही नोंदवतात. पण तिकडे तो मुख्य रस्ता झाला नाही.

ही फाटाफूट युरोपचीच खासियत आहे असे कोणी समजू नये. अ‍ॅरिस्टॉटल अरबीत गेला तेव्हा इब्न सीनासारख्या तत्त्वज्ञांनी शक्यतेला ‘बिल्-कुव्वा’ आणि सिद्धतेला ‘बिल्-फिअल’ म्हटले. शब्दशः ‘बलाने’ आणि ‘कृतीने’. हाच ‘बिल्-फिअल’ तुर्कीत गेला आणि तिथे त्याचा अर्थ ‘प्रत्यक्षात, स्वतः’ असा झाला. तोच फारसीमार्गे उर्दूत आला आणि ‘बिलफेल’ म्हणजे ‘सध्या, तूर्तास’ असाही झाला. इंग्रज एकीकडे, फ्रेंच दुसरीकडे. तुर्क एकीकडे, उर्दू दुसरीकडे. रस्ता तोच, फाटाही तोच.

ल्योनवासी

अनुस्वार यांनी ‘समोरचा जोडीदार’ म्हटले ते वाचून मला माझी फजिती आठवली. फ्रान्समध्ये आल्यावर पहिल्या वर्षी एका कार्यालयात अर्ज भरताना माझ्या पासपोर्टवरचे नाव आणि विद्यापीठाच्या पत्रावरचे नाव यांत वडिलांच्या नावाचा फरक पडला होता. खिडकीतल्या बाईंना मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, पासपोर्टवरचे नाव हे माझे ‘आक्त्युएल’ नाव आहे. मला म्हणायचे होते, खरे नाव. त्यांनी मान डोलावली आणि लगेच विचारले, मग आधीचे नाव काय होते? मी म्हटले, आधीचे नाव नाहीच. मग त्यांनी लग्नाची तारीख विचारली. मी अविवाहित आहे असे सांगितल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि नाव का बदलले याचा खुलासा करणारा कागद आणा, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. मी ‘खरे’ म्हणताच त्यांच्या कानावर ‘सध्याचे’ पडले, आणि सध्याचे म्हटले की आधीचे असलेच पाहिजे.

फ्रेंचमध्ये ‘आक्त्युआलिते’ हे भाववाचक नाम अनेकवचनात बातम्यांसाठी वापरतात. सिनेमाच्या पहिल्या काळात चित्रपटगृहांत दाखवल्या जाणाऱ्या वार्तापटांनाही हेच नाव होते. इटालियनमध्ये ‘अत्तुआलिता’, स्पॅनिशमध्ये ‘आक्तुआलिदाद’, सगळीकडे अर्थ तोच. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांवर आपल्याकडे ‘चालू घडामोडी’ असे छापतात, त्याला यांतला कोणताही शब्द बिनदिक्कत चालेल.

ब्रुसेल्समधल्या लोकांचे इंग्रजी हा तर वेगळाच प्रांत आहे. तिथे फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश बोलणारे सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलतात आणि सगळ्यांच्याच घरी ‘आक्त्युएल’चा अर्थ ‘सध्याचा’ असतो. त्यामुळे ते ‘अ‍ॅक्च्युअल’ हा शब्द त्याच अर्थाने वापरतात आणि कोणाचेही अडत नाही. अडते ते फक्त खोलीत एखादा इंग्रज बसला असेल तर. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षण न्यायालयाने संघाच्या कागदपत्रांतल्या अशा चुकीच्या इंग्रजी शब्दांची एक यादीच काढली होती, २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्तीही आली. त्या यादीत हा शब्द आहे.

जुनी दौत

सगळ्यांनी एकमुखाने ‘सध्याचा’ असा निकाल दिला आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. पोर्तुगीज कोशांत या विशेषणाचा ‘प्रत्यक्ष, वास्तविक’ असाही एक अर्थ दिलेला असतो. १९३८ मधला दस्त लिहिणारा मुन्शी जुन्या वळणाचा, कदाचित सेमिनारीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, लॅटिन शिकलेला असेल. त्याने जुन्या अर्थाने शब्द वापरला नसेल हे कशावरून? आजचा अर्थ मागच्या कागदावर लादणे ही देखील चूकच ठरेल.

मांडवीकाठ

शंका योग्य आहे. कोशात तो अर्थ आहे, परंतु तो कोठे वापरला जातो ते पाहावे लागेल. तत्त्वज्ञानात तो येतो, आणि आमच्याकडच्या ख्रिस्ती वाचकांना तो धर्मशिक्षणातून ओळखीचा आहे. आदामापासून वारशाने आलेले ते मूळ पाप आणि माणसाने स्वतःच्या कृतीने केलेले ते ‘पेकादु आक्तुआल’. तिथे त्याचा अर्थ ‘सध्याचे पाप’ असा घेतला तर पाद्रीबाब हसतील. इंग्रजीतही हा शब्द चौदाव्या शतकात आला तेव्हा तो याच पापाच्या सोबतीने वावरत होता. पण कब्जेदार, भाडेकरू, पत्ता, किंमत अशा नामांच्या बाजूला बसल्यावर तो पोर्तुगीजात कालवाचकच असतो. मुन्शी सेमिनारीत शिकला असला तरी दस्ताच्या चतुःसीमा लिहिताना तो अ‍ॅक्विनास आठवत बसला असेल, असे मला वाटत नाही.

काळा डगला

वकिली व्यवसायात असल्यामुळे एक गुंता दाखवून देतो. इंग्रजी कायद्यात ‘अ‍ॅक्च्युअल पझेशन’ अशी एक पक्की संज्ञा आहे आणि आपल्या न्यायालयांतही ती चालते. तिचा अर्थ ‘प्रत्यक्ष ताबा’, म्हणजे माणूस खरोखर त्या जमिनीवर आहे, कसतो आहे, कुंपण राखतो आहे. याच्या विरुद्ध बाजूला असतो तो कायद्याने मानलेला ताबा; जमीन दुसऱ्याच्या हातात असते, पण कायदा ती याच्या ताब्यात आहे असे धरतो. त्यामुळे तुमचा पोर्तुगीज दस्त कोणी इंग्रजीत उतरवला आणि ते दोन शब्द जसेच्या तसे ठेवले, तर न्यायालयात बसलेला माणूस तिसराच अर्थ घेईल. ‘सध्याचा कब्जेदार’ असे मुळात असताना तो ‘प्रत्यक्ष कब्जेदार’ वाचेल आणि त्यावर युक्तिवाद उभा राहील. लक्षात घ्या की, यांपैकी कोणत्याही अर्थाने तो ‘खरा मालक’ होत नाही. मांडवीकाठताईंनी नामाविषयी जे म्हटले आहे ते मी दुप्पट जोर देऊन म्हणेन. आणि भाषांतर करताना ‘कब्जेदार’ हाच शब्द ठेवा. ताब्यावरून ‘ताबेदार’ करायला जाल तर मराठीत तो नोकर होईल.

घरच्या वहीला पुराव्याचे मोल नाही. मूळ पोर्तुगीज मजकूर आणि अधिकृत भाषांतरकाराने केलेले भाषांतर एवढेच पुढे ठेवावे. शेजाऱ्यांनी वहीतले वाक्य कितीही वेळा वाचून दाखवले तरी घाबरण्याचे कारण नाही. पट्टी कोणाची हा प्रश्न मात्र यामुळे सुटत नाही. त्यासाठी इतर कागद आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा, पाहावा लागेल.

शेवंती

हा धागा वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, आपण ज्याला परक्यांची गंमत म्हणतो आहोत ती आपल्या घरातही घडलेली आहे. ‘विद्यमान’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘असलेला, अस्तित्वात असणारा’ एवढाच. आज आपण ‘विद्यमान आमदार’ म्हणतो तेव्हा इतर आमदार काल्पनिक आहेत असे आपल्याला सुचवायचे नसते. माजी आमदार समोर धरून आपण हा शब्द वापरतो. म्हणजे ‘अस्तित्वात असलेला’ पासून ‘सध्याचा’ पर्यंतचा प्रवास मराठीनेही केला आहे, आणि तो फ्रेंचांच्याच बाजूने केला आहे.

‘वर्तमान’ तर त्याहून पुढे गेला. ‘वृत्’ म्हणजे असणे, घडत राहणे. त्यापासून ‘वर्तमान’ म्हणजे आत्ता घडत असलेले. जुन्या पत्रव्यवहारात ‘तिकडील वर्तमान’ कळवा असे लिहीत, तेव्हा त्याचा अर्थ बातमी असा होता. त्यावरून ‘वर्तमानपत्र’. ल्योनवासी यांनी सांगितलेला ‘आक्त्युआलिते’ आणि आपले ‘वर्तमान’ या दोघांनी एकमेकांना न विचारता तोच उद्योग केला आहे. मांडवीकाठताईंनी पापाचा दाखला दिला, म्हणून तिकडचाच एक पुण्याचा दाखला देते: ख्रिस्ती मराठीत आणि कोकणीत येशूच्या सुवार्तेला ‘शुभवर्तमान’ म्हणतात. ‘चांगला सध्याचा काळ’ असे भाषांतर कोणी केले तर ते तुमच्या वहीच्या तोडीचे होईल.

उलट बाजूचा शब्दही आपल्याकडे आहे. ‘प्रत्यक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोर असलेले. जे डोळ्यांसमोर आहे ते आत्ताचेच असणार, तरी मराठीने त्यातला काळ सोडला आणि खरेपणा उचलला. तो इंग्रजांच्या बाजूने गेला. एकाच भाषेत दोन शब्द दोन वाटांनी गेले, म्हणून आपली पंचाईत झाली नाही. इंग्रजीतून उसना आणलेला ‘अ‍ॅक्च्युअली’ हल्ली मराठी बोलण्यात प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी येतो. त्यात खरेपणाही नाही आणि काळही नाही, तो नुसता घसा खाकरण्याचे काम करतो.

उत्तरवारा

मी स्वीडनमध्ये राहतो. इकडे ‘आक्तुएल’ने आणखी एक वळण घेतले आहे. ‘सध्याचा’ हा अर्थ आहेच. सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या, १९५८ मध्ये सुरू झालेल्या संध्याकाळच्या बातमीपत्राचे नाव ‘आक्तुएल्त’ असेच आहे. पण एखाद्या प्रस्तावाविषयी ‘तो आक्तुएल नाही’ असे म्हटले तर त्याचा अर्थ, तूर्त तो विचारात नाही. आणि पोलिसांच्या निवेदनात ‘आक्तुएल व्यक्ती’ म्हणजे संबंधित व्यक्ती, जिच्याविषयी हे चालले आहे ती. आपल्या ‘प्रस्तुत’ या शब्दाची इथे हटकून आठवण होते. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीनंतर मला कळवण्यात आले की, त्या जागेसाठी तुम्ही अजून आक्तुएल आहात. मी सध्या जिवंत आहे हे त्यांनी का कळवावे, असा प्रश्न मला पडला होता. अर्थ होता, तुमचा विचार चालू आहे.

रशियनमध्ये ‘अक्तुआल्नी’ म्हणजे आजच्या घडीला महत्त्वाचा, कळीचा. तिकडच्या प्रबंधांच्या प्रस्तावनेत सुरुवातीलाच ‘विषयाची अक्तुआल्नोस्त’ असा भाग ठरलेला असतो. हा विषय आज का हाताळायला हवा, हे त्यात पटवून द्यायचे असते. कोणी इंग्रजी वळणाने त्याचे भाषांतर ‘विषयाचा खरेपणा’ असे केले, तर परीक्षकांना विषयच खोटा असल्याचा संशय येईल.

चाकणकर

याच कुळातला ‘एव्हेंट्युअल’ही असाच दगा देतो. इंग्रजीत तो ‘सरतेशेवटी होणारच’ असा आहे, आणि जर्मन ‘एव्हेंटुएल’ म्हणजे ‘झाले तर झाले’. वितरणाच्या तारखांत या शब्दाने काय होत असेल याची कल्पना करा.

अनुस्वार

त्यावर स्वतंत्र धागा काढावा, मी येईनच. इथे एवढेच सांगतो की, अशा शब्दांना ‘खोटे मित्र’ हे नाव फ्रेंचांनी दिले. कोसलर आणि देरोकिन्यी या दोघांनी १९२८ मध्ये इंग्रजी शब्दांच्या दगाबाजीवर जे फ्रेंच पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातून ते रूढ झाले.

जुनी दौत

माझी शंका मी मागे घेतो, पण रिकाम्या हाताने जात नाही. या शब्दाचा सर्वांत प्रसिद्ध बळी एक ब्रिटिश राजकारणी आहे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात ब्रिटनचे मंत्रिमंडळ सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी आपण ‘सत्याच्या बाबतीत काटकसर’ केल्याचे म्हटले आणि तो वाक्प्रचार गाजला. पुढे १९९२ मध्ये इराकला यंत्रे विकण्याच्या मॅट्रिक्स चर्चिल खटल्यात माजी मंत्री अ‍ॅलन क्लार्क यांची उलटतपासणी चालली होती. त्यांनी त्याच वाक्प्रचाराची आठवण काढली, मात्र ‘सत्य’ या शब्दाच्या जागी ऐटीत फ्रेंच ‘आक्त्युआलिते’ घातला. त्यांना म्हणायचे होते वस्तुस्थिती. फ्रेंच माणसाच्या कानाला ते ‘ताज्या बातम्यांच्या बाबतीत काटकसर’ असे लागते. खटला त्या साक्षीनंतर कोसळला आणि शब्द मात्र इंग्रजी म्हणींत जाऊन बसला. इंग्रजांनी आपला अर्थ फ्रेंच शब्दाला परत नेऊन चिकटवला, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

कुळागर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भिंग घेऊन तो परिच्छेद पुन्हा पाहिला आणि त्याची प्रतिमा मांडवीकाठताईंना व्यक्तिगत निरोपातून पाठवली. अनुस्वार म्हणाले तसा समोरचा जोडीदार त्याच वाक्यात सापडला आहे. वहीत शेजाऱ्यांच्या ‘खऱ्या मालका’च्या आधी ‘प्राचीन मालक’ अशी एक व्यक्ती येते. आम्ही लहानपणापासून तिला कोणी पुराणपुरुष समजत आलो. मुळात तिथे ‘आंतीगु पोसुइदोर’ असे आहे. ताई म्हणतात की, नामाच्या आधी आल्यावर ‘आंतीगु’चा अर्थ ‘पूर्वीचा’ असा होतो. म्हणजे वाक्य सरळ आहे: पट्टीचा पूर्वीचा कब्जेदार विक्री करणाऱ्याचा बाप, आणि सध्याचा कब्जेदार शेजारी. पूर्वीचा आणि सध्याचा यांतला कोणीही तिथे मालक म्हटलेला नाही. शेजाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार होते असेही नाही, कारण १९३८ मध्ये पट्टी त्यांच्याकडे होती एवढे यातून दिसते. वहीत आता मी ‘खरा मालक’ खोडून ‘सध्याचा कब्जेदार’ असे लिहिले आहे.

काळा डगला

कुळागरबाब, तेही खोडा. दस्त १९३८ चा आहे आणि तुमची वही आज वाचली जाते आहे. ‘सध्याचा कब्जेदार शेजारी’ असे वाचल्यावर आजचा वाचक आजचीच स्थिती समजेल, आणि पट्टीवर आज कोणाचा कब्जा आहे हाच तर वादाचा मुद्दा आहे. कालवाचक शब्द ज्या दिवशी लिहिला त्या दिवसाशी बांधलेला असतो. तुम्ही ‘दस्ताच्या तारखेचा कब्जेदार’ असे लिहा.

कुळागर

म्हणजे मराठीत ‘तत्कालीन’. लिहिले. पेन्सिलीने.